कारखाना बंद होण्याआधीचं कलम : ब्रसेल्स ते आयमाउडन

रविवार, ब्रसेल्स

झाव्हेंटेम विमानतळाच्या खालच्या मजल्यावरून सुटणारी गाडी पाऊण तासाची वाटते, पण पाव तासात ब्रसेल्स-नॉर्द स्थानकावर सोडते. स्थानकाबाहेर काचेच्या उंच कचेऱ्यांची रांग आहे. बुलेव्हार द्यु रुआ आल्बेर द्यू या रस्त्यावरच्या पाच नंबरच्या इमारतीचं नाव इंटरनॅशनल ट्रेड युनियन हाउस. युरोपभरच्या कामगार संघटनांच्या महासंघाचं काम इथून चालतं, म्हणून या विषयाचे प्रशिक्षणवर्गही बहुतेक याच शहरात भरतात.

विषय आहे युरोपियन वर्क्स कौन्सिल, म्हणजे ईडब्ल्यूसी. एकाच कंपनीचे कारखाने अनेक देशांत असतील, तर त्या सगळ्यांतल्या कामगारांचे प्रतिनिधी एका टेबलाशी बसून वरिष्ठ व्यवस्थापनाकडून माहिती घेतात आणि निर्णय होण्याआधी आपलं मत देतात. वाटाघाटी म्हटलं की आपल्याकडे मागणीपत्र, पगारवाढ, बोनस आणि तीन-चार वर्षांचं सेटलमेंट डोळ्यांपुढे येतं. इथे पगाराचा विषयच नसतो. करार होतो तो कोणती माहिती, कधी, कोणाला आणि कोणाच्या खर्चाने द्यायची याचा. औद्योगिक विवाद कायदा, १९४७ नुसार शंभर कामगारांच्या कारखान्यात जी वर्क्स कमिटी बसायची, तिच्याशी याचं दूरचं नातं लावता येईल. पण त्या कमिटीत मालक आणि कामगार निम्मेनिम्मे बसतात आणि तिचा आवाका एका फाटकापुरता असतो.

येण्यापूर्वी प्रत्येक प्रतिनिधीला गृहपाठ दिलेला असतो. आपल्या देशातली गेल्या दोन वर्षांची सरासरी कामगारसंख्या, कंपनीचं नोंदणीकृत नाव आणि देशात आधीपासून असलेल्या कौन्सिल किंवा युनियनचा आराखडा, एवढं एका पानावर लिहून आणायचं. निम्म्या कागदांवर फाटकावरच्या पाटीचं नाव असतं. पाटीवर ब्रँड, नोंदणीत भलतंच नाव, आणि मागणीपत्र भलत्या कंपनीच्या पत्त्यावर गेलं की त्याची मुदत मोजणंच मुश्किल होतं. एजन्सीमार्फत आलेले कामगार धरायचे की नाही, हेही देशागणिक बदलतं. म्हणून त्यांच्यासाठी वेगळा रकाना ठेवलेला बरा.

सोमवार, ब्रसेल्स

सकाळचं सत्र आकड्यांचं. या कौन्सिलांसाठीचा युरोपीय संघाचा पहिला निर्देश, म्हणजे सदस्यदेशांनी आपापल्या कायद्यात उतरवायचा नियम, सप्टेंबर १९९४ चा. २००९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला, आणि सध्याची वाटाघाट त्या २००९ च्या मजकुरावर चालते. उंबरठा असा आहे: संघातल्या देशांत मिळून किमान १,००० कामगार, आणि त्यांपैकी किमान दोन देशांत प्रत्येकी १५० किंवा अधिक. अर्धवेळ कामगारही यात धरले जातात.

कंपनी आकडे देत नसेल तर? यावर लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाचे दोन निकाल तोंडपाठ हवेत. बोफ्रॉस्ट प्रकरणात (२००१) न्यायालयाने म्हटलं की गटाचं सर्वोच्च नियंत्रण नेमकं कोणाकडे आहे हे ठरायच्या आधीही माहिती मागता येते. माहिती हातात आल्याशिवाय ते ठरणारच कसं? क्यूने अँड नागेल प्रकरणात (२००४) मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये, म्हणजे संघाबाहेर होतं. जर्मनीतल्या उपकंपनीने 'वरून आकडे येत नाहीत' म्हणून हात वर केले. न्यायालयाने तिलाच केंद्रीय व्यवस्थापन, म्हणजे सगळ्या गटाच्या वतीने जबाबदार, मानलं आणि इतर देशांतल्या भगिनी कंपन्यांनी तिला आकडे पुरवावेत असं ठरवलं. आकडे मागणारं पत्र लिहिताना या दोन निकालांचा उल्लेख एका ओळीत केला तरी उत्तर लवकर येतं.

आता मागणी. किमान दोन देशांतले मिळून १०० कामगार किंवा त्यांचे प्रतिनिधी लेखी मागणी करतात. पत्र एकच हवं असं नाही, वेगवेगळी चालतात. मात्र सगळी केंद्रीय व्यवस्थापनाला पोचायला हवीत. त्या तारखेपासून दोन मुदती धावू लागतात. सहा महिन्यांत व्यवस्थापनाने बोलणी सुरू करायला नकार दिला, किंवा तीन वर्षांत करार झालाच नाही, तर निर्देशाच्या परिशिष्टातले नियम आपोआप लागू होतात. हे परिशिष्ट प्रतिनिधीने खिशात ठेवूनच बसावं. त्यात वर्षातून एक बैठक आहे, जास्तीत जास्त पाच जणांची छोटी समिती आहे, कारखाना बंद होणं, हलवला जाणं किंवा सामूहिक कपात यांसाठी तातडीची बैठक आहे, आणि कौन्सिलने दिलेल्या मताला कारणांसह उत्तर मिळण्याचा हक्कही आहे. सारा खर्च कंपनीचा. टेबलावर आलेला मसुदा यापेक्षा कमी देत असेल, तर सही करण्यात अर्थ नाही. थांबलं तरी एवढं मिळणारच आहे. शिकवताना फळ्यावर दोन रकाने आखावेत, डावीकडे परिशिष्ट आणि उजवीकडे कंपनीचा मसुदा. कंपनीचे पहिले मसुदे दिसायला भरगच्च असतात, पण त्यांत छोट्या समितीला तातडीची बैठक बोलावण्याचा हक्क अनेकदा सापडत नाही. रकाने आखले की ही गळती लगेच दिसते.

करार करणारं विशेष वाटाघाटी मंडळ वेगळं असतं. त्याच्या जागा देशनिहाय ठरतात: एकूण कामगारसंख्येच्या दर १० टक्क्यांना किंवा त्याच्या अंशाला एक जागा. सरावासाठी घेतलेली कंपनी ४,८०० कामगारांची: जर्मनीत २,१००, फ्रान्समध्ये १,१५०, पोलंडमध्ये १,०००, बेल्जियममध्ये ४२० आणि चेकियात १३०. जर्मनीचे ४३.७५ टक्के, म्हणजे चार नव्हे, पाच जागा. फ्रान्सचे जवळपास २४ टक्के, तीन जागा. पोलंडचे २०.८३ टक्के, त्यालाही तीन. बेल्जियम आणि चेकियाला एकेक. मिळून तेरा. इथे दोन चुका हमखास होतात. एक तर अपूर्णांक खाली उतरवले जातात. दुसरी, १५० पेक्षा कमी कामगार आहेत म्हणून चेकियाला वगळलं जातं. १५० चा आकडा कंपनी निर्देशाखाली येते की नाही हे ठरवण्यापुरता आहे, जागावाटपाशी त्याचा संबंध नाही.

पोलंडचा आकडा मात्र नीट बघावा. ४,८०० चे वीस टक्के म्हणजे ९६०. एकूण तेवढीच राहून पोलंडचा आकडा बरोबर ९६० असता, तर दोनच जागा मिळाल्या असत्या. म्हणजे चाळीस माणसांवर एक मत अडलेलं आहे. गोदामातले कामगार किंवा नुकतीच विकत घेतलेली छोटी कंपनी मोजण्यात कुचराई का करायची नाही, ते इथे कळतं. तेरांच्या मंडळात करार मंजूर करायला सात मतं लागतात. बोलणी सुरूच करायची नाहीत किंवा मधेच सोडायची, असं ठरवायला दोन तृतीयांश, म्हणजे नऊ. आणि तसं ठरवलं तर पुढची मागणी साधारणपणे दोन वर्षांनंतरच करता येते, म्हणून रागाच्या भरात उठून जाणं महाग पडतं.

ब्रिटनमधले कामगार आता या मोजणीत येत नाहीत. तिथे हजार माणसं असली तरी उंबरठ्यासाठी ती शून्य. ब्रिटिश प्रतिनिधींना कौन्सिलमध्ये ठेवायचंच असेल, तर करारात तसं स्पष्ट कलम घालावं लागतं. संध्याकाळी उलट्या बाजूने एक प्रश्न आला: अ‍ॅम्स्टेलव्हेन किंवा आइंडहोव्हनमध्ये डच नेमणूकपत्रावर काम करणारे भारतीय इंजिनिअर धरायचे का? धरायचेच. नागरिकत्वाचा इथे प्रश्न येत नाही, कोणत्या देशातल्या आस्थापनेत नोकरी आहे ते बघतात. पुणे-मुंबईहून गेलेली बरीच मराठी मंडळी या हिशेबात मोजली जात असतील आणि त्यांना त्याचा पत्ताही नसेल.

मंगळवार, ब्रसेल्स

दिवसभर पाऊस, आणि दिवसभर खोलीत मसुदा.

व्यवस्थापनाशी बोलण्याआधी तेरा जणांनी आपसांत बोलायचं असतं, आणि अवघड भाग हाच. जर्मन प्रतिनिधीला घरी मजबूत कारखाना-कौन्सिल आहे, संचालक मंडळावर देखरेख करणाऱ्या मंडळातही कामगारांच्या जागा आहेत. ईडब्ल्यूसीत घाई करण्याचं त्याला कारण वाटत नाही, उलट इथे काही हललं तर आपलं घरचं वजन कमी होईल का, ही धास्ती असते. पोलिश किंवा चेक प्रतिनिधीला मुख्यालयातल्या माणसाचं तोंड बघण्याची ही एकच संधी असते, त्याला शक्य तितक्या बैठका हव्या असतात. फ्रेंच प्रतिनिधींना युनियनांनी निवडणुकीतल्या मतांच्या प्रमाणात नेमलेलं असतं, त्यामुळे त्यांच्यातच दोन-तीन झेंडे असतात. यातलं काहीही नाव घेऊन बोलायचं नाही असं ठरवून बसलं, तर ते तिसऱ्या दिवशी व्यवस्थापनासमोर उफाळून येतं. म्हणून सकाळी व्यवस्थापन नसलेली बैठक घ्यायची. निर्देशानेच तसा हक्क दिला आहे, प्रत्येक संयुक्त बैठकीच्या आधी आणि नंतरही. प्रत्येक देशाने दोन चिठ्ठ्या लिहायच्या: 'हे नसेल तर आम्ही सही करणार नाही' आणि 'हे आम्ही सोडू शकतो'. चिठ्ठ्या भिंतीवर लावल्या की वाद निम्म्यावर येतो, कारण एकाची सोडण्याची गोष्ट बहुधा दुसऱ्याची हट्टाची निघते.

मग कलमं. करारात काय असायला हवं हे निर्देशाचं सहावं कलम सांगतं: कोणत्या कंपन्या आणि देश, कौन्सिलची रचना आणि जागा, माहिती व सल्लामसलतीची पद्धत, राष्ट्रीय कौन्सिलशी जोडणी, बैठकीचं ठिकाण, संख्या आणि कालावधी, छोटी समिती, पैसा आणि साधनं, कराराची मुदत आणि फेरवाटाघाट. हे सगळं सारखं महत्त्वाचं नाही. जोर तीन ठिकाणी लावायचा.

पहिलं, आंतरराष्ट्रीय प्रश्न कोणता. कंपनीचा वकील लिहितो: 'दोन किंवा अधिक देशांतल्या कामगारांवर एकाच वेळी थेट परिणाम करणारा निर्णय.' हे 'एकाच वेळी' आणि 'थेट' राहू दिले, तर कंपनी एका वर्षी फ्रान्समधल्या लिलचा कारखाना बंद करते आणि पुढच्या वर्षी काम पोलंडला हलवते, आणि दोन्ही वेळा 'हा राष्ट्रीय प्रश्न' म्हणून मोकळी होते. हे दोन्ही शब्द काढून टाकायचे आणि उलट जोडायचं: एका देशातला निर्णय दुसऱ्या देशातल्या व्यवस्थापनाने घेतला असेल, किंवा त्यातून उत्पादन दुसऱ्या देशात जाण्याची शक्यता असेल, तरी तो यात येईल.

दुसरं, वेळ. 'व्यवस्थापन योग्य वेळी माहिती देईल' या वाक्यावर कुणाचंही कधी अडत नाही, म्हणूनच ते निरुपयोगी आहे. सरावात हे वाक्य साखळी करून लिहायचं. प्रस्ताव संचालक मंडळापुढे जाण्याआधी लेखी माहिती. त्यात कारण, पर्याय, किती जागा, कोणत्या देशात आणि वेळापत्रक. त्यानंतर छोट्या समितीची बैठक सात दिवसांत. तज्ज्ञ नेमायचा असेल तर त्याच्या अहवालासाठी चार ते सहा आठवडे. मत देण्याची मुदत पूर्ण माहिती मिळाल्यापासून मोजायची, पहिल्या बैठकीपासून नव्हे. मताला लेखी, कारणांसह उत्तर. आणि उत्तर येईपर्यंत अंमल नाही. या शेवटच्या ओळीला कंपनी सर्वात जास्त विरोध करते. ती संपूर्ण मिळाली नाही, तर निदान 'परत फिरवता येणार नाहीत अशी पावलं उचलली जाणार नाहीत' एवढं तरी लिहून घ्यावं.

तिसरं, पैसा आणि माणसं. 'आवश्यक खर्च कंपनी करेल' असं लिहिलं, की आवश्यक काय ते प्रत्येक वेळी एचआर ठरवतं. त्याऐवजी यादी हवी: वर्षाला दोन पूर्ण बैठका, प्रत्येकीच्या आदल्या दिवशी तयारी, दुसऱ्या दिवशी अर्धा दिवस आढावा, छोट्या समितीच्या चार बैठका, कंपनीच्या पैशाने तज्ज्ञ, पगार न कापता प्रशिक्षण, कारखान्यात फिरून कामगारांना भेटण्याची परवानगी आणि अनुवाद. प्रशिक्षणाचा हक्क निर्देशातच आहे, पण दिवस लिहिलेले नसले की फोरमन सोडत नाही.

अनुवादावर अर्धा तास खर्चायला हवा, कारण वाटाघाटी बहुतेक इथेच अडखळतात. पाच भाषा असल्या की एका भाषेच्या कक्षात दोन दुभाषे लागतात. एकाच वेळी ऐकून बोलण्याचं काम दर वीस-तीस मिनिटांनी आलटून पालटून करावं लागतं, त्याहून जास्त वेळ कुणाची अचूकता टिकत नाही. एका जोडीसाठी दुभाषी मिळाला नाही, तर चेकमधून आधी इंग्रजीत आणि इंग्रजीतून पोलिशमध्ये असं जातं. त्यात काही सेकंदांचा उशीर होतो, आणि विनोद तिथेच मरतो. माइक न लावता बोललेलं वाक्य दुभाष्याला ऐकूच जात नाही, ते इतर सगळ्यांसाठी बोललेलंच नसतं. आकडे दोनदा आणि सावकाश सांगावेत. मसुद्याचा अनुवाद बैठकीच्या आदल्या रात्री ईमेलने आला, तर ती बैठक पुढे ढकलायची. किमान दोन आठवडे आधी, हे पहिल्याच बैठकीच्या कार्यपद्धतीत लिहून घ्यावं. शेवटी कोणत्या भाषेतली प्रत अंतिम, तेही.

दुपारी नव्वद मिनिटांच्या फेऱ्या, प्रशिक्षक व्यवस्थापनाच्या भूमिकेत. सर्वात कामाची युक्ती म्हणजे मसुदा कोणाच्या लॅपटॉपवर आहे ते बघणं. कंपनीने सुधारित प्रत पाठवली की मागच्या प्रतीशी ओळीनओळ ताडून बघायची. न सांगता झालेला बदल सापडला, तर लगेच टेबलावर ठेवायचा आणि त्यात आवाज चढवायची गरज नसते. एकेक कलम मंजूर करत गेलं, तर शेवटी पैशाचं कलम एकटं उरतं आणि त्याच्याशी सौदा करायला हातात काही राहत नाही. म्हणून तीन गठ्ठे करायचे, आणि गठ्ठा पूर्ण झाल्याशिवाय कशालाच 'मान्य' म्हणायचं नाही, फक्त 'तात्पुरतं मान्य' म्हणायचं.

अध्यक्ष कोण, यावर फ्रेंच आणि जर्मन पद्धती वेगळ्या आहेत. फ्रेंच धाटणीत कंपनीचा प्रमुख अध्यक्षस्थानी बसतो, जर्मन धाटणीत कौन्सिलमध्ये फक्त कामगार. अध्यक्ष कंपनीचा असेल, तर निदान सचिव कामगारांचा आणि विषयपत्रिका दोघांच्या सहीने. नाहीतर पाच वर्षं 'बाजारपेठेचा आढावा' नावाच्या स्लाइड बघण्यात जातात.

बुधवार, विल्व्होर्ड

ब्रसेल्स-नॉर्दहून विल्व्होर्ड दहा-बारा मिनिटांवर. रेनॉचा कारखाना इथे होता, आणि २७ फेब्रुवारी १९९७ रोजी तो बंद होणार असल्याचं जाहीर झालं. सुमारे ३,१०० नोकऱ्या. रेनॉकडे तेव्हा युरोपीय कौन्सिल होती, करारही होता. पण बातमी आधी जाहीर झाली. मार्चमध्ये बेल्जियम, फ्रान्स आणि स्पेनमधल्या रेनॉ कामगारांनी एकत्र काम थांबवलं. एप्रिलमध्ये नांतेरच्या न्यायालयाने, आणि ७ मे रोजी व्हर्सायच्या अपील न्यायालयाने कंपनीने कौन्सिलशी आधी सल्लामसलत करायला हवी होती असं म्हटलं. कारखाना तरी बंद झालाच. बेल्जियमने १९९८ मध्ये सामूहिक कपातीचा कायदा कडक केला, त्याला आजही रेनॉ कायदा म्हणतात.

मंगळवारी लिहिलेली कलमं इथे घासून बघायची. प्रशिक्षक एक कागद वाटतो: सोमवारी सकाळी नऊ वाजता शेअर बाजाराला कळवलं, दहा वाजता पत्रकार परिषद, अकरा वाजता कौन्सिलला फोन. आपल्या कलमाने यातलं काय थांबलं असतं? बहुतेक मसुद्यांत उत्तर येतं: काहीच नाही. का, तेही दिसतं. 'जाहीर करण्यापूर्वी' असं लिहिलेलं असतं, आणि नऊला पाच मिनिटं असताना फोन केला तरी तो 'जाहीर करण्यापूर्वी' ठरू शकतो. 'निर्णय घेण्यापूर्वी' लिहिलं, तर कंपनी म्हणते की निर्णय संचालक मंडळ घेईल, ही तर फक्त दिशा आहे. म्हणून सल्लामसलत कोणत्या कागदापासून सुरू होईल तेच नमूद करायचं: संचालक मंडळासाठीचा प्रस्ताव तयार झाला, ती वेळ.

शेअर बाजाराचा मुद्दा कंपनी नेहमी काढते: ही किंमतसंवेदनशील माहिती आहे, बाहेर जाऊ शकत नाही. कामाच्या नेहमीच्या ओघात अशी माहिती देता येते, असा अपवाद युरोपीय बाजार नियमांत आहे, आणि निर्देशाचं आठवं कलम प्रतिनिधींना गोपनीयतेने बांधतं. म्हणून नकाराऐवजी प्रक्रिया मागायची: कोणत्या पानावर गोपनीय शिक्का, का, आणि किती दिवस. सगळ्याच पानांवर शिक्का मारला असेल, तर कामगारांना परत जाऊन सांगायचं काय? प्रतिनिधीने कामगारांना कळवलंच पाहिजे असंही निर्देश म्हणतो, त्यामुळे शिक्क्याला तारीख हवी.

दुसरं प्रकरण गाझ द फ्रान्स या फ्रेंच गॅस कंपनीचं. सुएझ या कंपनीशी विलीनीकरण ठरत असताना नोव्हेंबर २००६ मध्ये पॅरिसच्या न्यायालयाने कौन्सिलला पुरेशी माहिती मिळून तिचं मत येईपर्यंत संचालक मंडळाला निर्णय घेण्यापासून रोखलं. विलीनीकरण २००८ मध्ये झालं, रोखण्यामुळे रद्द झालं नाही. पण मिळालेला वेळ खरा होता, आणि वाटाघाटी वेळेवरच चालतात. दंडाचा धाक मात्र देशागणिक फार वेगळा आहे. जर्मन कायद्यात सर्वात मोठा दंड १५ हजार युरो. मोठ्या कंपनीसाठी ही एका व्यवस्थापकाच्या बैठकीची बिलं.

याच कारणाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये युरोपीय संसदेने आणि मग मंत्रिपरिषदेने निर्देश सुधारला. आंतरराष्ट्रीय प्रश्नाची व्याख्या स्पष्ट केली, परिशिष्टात वर्षाला दोन बैठका घातल्या, दंड ठरवताना कंपनीची उलाढाल बघायला सांगितलं, कौन्सिलमध्ये स्त्री-पुरुष दोघांनाही किमान ४० टक्के जागांचं उद्दिष्ट ठेवलं. १९९६ पूर्वी स्वेच्छेने झालेले जुने करार निर्देशाबाहेर राहत होते, ती सूटही गेली. रेनॉचा करार त्या काळातलाच. सुधारणा राष्ट्रीय कायद्यांत उतरवायला देशांना दोन वर्षं दिली आहेत. तोपर्यंत सही होणाऱ्या प्रत्येक करारात 'निर्देश बदलल्यास फेरवाटाघाट' हे कलम घालायला विसरू नये.

गुरुवार, बेव्हरवाइक आणि आयमाउडन

ब्रसेल्सहून अ‍ॅम्स्टरडॅम, तिथून हार्लेममार्गे बेव्हरवाइक. स्थानकातून समुद्राकडे गेलं की वाइक आन झे गाव लागतं. किनाऱ्यावर उभं राहिलं की एका बाजूला वाळूच्या टेकड्या, दुसऱ्या बाजूला टाटा स्टीलच्या चिमण्या. कारखाना १९१८ चा, होखओव्हन्स या नावाचा. १९९९ मध्ये ब्रिटिश स्टीलशी विलीन होऊन कोरस झाला, २००७ मध्ये टाटांनी घेतला. सुमारे नऊ हजार लोक काम करतात आणि मालकाचं मुख्यालय मुंबईत. म्हणून हा थांबा.

निर्देशाच्या चौथ्या कलमाचा धडा इथे सोपा होतो. केंद्रीय व्यवस्थापन संघाबाहेर असेल, तर त्याने एखाद्या सदस्यदेशात प्रतिनिधी नेमावा. तो नेमला नाही, तर ज्या एका सदस्यदेशात सर्वात जास्त कामगार, तिथलं व्यवस्थापन जबाबदार धरलं जातं. पत्र मुंबईला पाठवायला हरकत नाही, पण मुदत मोजायची ती युरोपातल्या पत्त्यावरून. आणि ज्या देशाचं व्यवस्थापन जबाबदार, त्याच देशाचा कायदा करारावर बहुतेक लागतो. कंपनीने सोयीचा देश निवडला आहे का, हे मागणी करतानाच तपासावं.

टाटांच्या या गटाकडे कोरसच्या काळापासून युरोपीय कौन्सिल आहे. तरी घडामोडी सांगतात की तिच्या सीमा कुठे आहेत. सप्टेंबर २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या पोर्ट टालबोटच्या कारखान्यासाठी विजेवर चालणाऱ्या भट्टीची घोषणा झाली, जानेवारी २०२४ मध्ये दोन्ही झोतभट्ट्या बंद करण्याचा निर्णय आला, शेवटची ३० सप्टेंबर २०२४ ला थंड झाली. सुमारे २,८०० नोकऱ्यांवर गदा आली. युनियनांनी तज्ज्ञ संस्थेकडून पर्यायी आराखडा करवून घेतला होता, टप्प्याटप्प्याने बदल करणारा. कंपनीने तो स्वीकारला नाही. प्रशिक्षणात यावर बोलताना कोण बरोबर हे ठरवायचं नसतं. बघायचं ते एवढं की अहवाल तयार व्हायला आठवडे लागतात आणि तो निर्णयाच्या आधी यायला हवा, म्हणजे तज्ज्ञाचं नाव, दर आणि माहिती मिळवण्याचा हक्क करारातच हवा. घोषणेनंतर तज्ज्ञ शोधायला निघालं, की पहिले चार आठवडे पैसे कोण देणार यात जातात.

आयमाउडनमध्येही एप्रिल २०२५ मध्ये सुमारे १,६०० जागा कमी करण्याचा मनोदय जाहीर झाला. इथे डच वर्क्स कौन्सिल कायदा कामाला येतो. कलम २५ नुसार मोठ्या निर्णयावर कारखान्याच्या कौन्सिलचा सल्ला घ्यावा लागतो, आणि तो अशा वेळी की निर्णयावर त्याचा खरा परिणाम होऊ शकेल. कौन्सिलच्या सल्ल्याच्या विरोधात निर्णय घेतला, तर अंमल एक महिना थांबवावा लागतो, त्या महिन्यात कौन्सिल अपील करू शकते. ही ताकद हातात असलेला डच प्रतिनिधी ईडब्ल्यूसीच्या टेबलावर बेफिकीर असतो, कारण घरी त्याच्याकडे त्याहून धारदार हत्यार आहे. त्याला पटवायचं असेल, तर 'एकजूट' हा शब्द टाळून विचारावं: तुझ्या कौन्सिलला आयमाउडनचा प्रस्ताव दिसतो, पण आयमाउडनऐवजी काम कुठे जाणार आहे ते दिसतं का? उत्तर नसतं, कारण ती माहिती दुसऱ्या देशात असते.

मुंबई-पुण्यातल्या युनियनवाल्यांना यात एक वेगळा विचार करता येईल. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यता मिळवायला सहा महिने ३० टक्के सदस्यत्व लागायचं, आणि मान्यता मिळाली की वाटाघाटीचा हक्क एका युनियनचा. ईडब्ल्यूसीत अशी एकाची मक्तेदारी नसते, सगळे झेंडे एकाच टेबलावर बसतात. चाकणच्या कारखान्याचा मालक जर्मन असला, तरी त्याचे कामगार या कौन्सिलचे सदस्य नसतात. मात्र करारात 'निरीक्षक' म्हणून संघाबाहेरच्या प्रतिनिधींना बोलावण्याची सोय लिहिता येते. जिथे ती लिहिलेली नसते, तिथे बैठकीच्या आदल्या दिवशी ईमेल टाकून चालत नाही.

शुक्रवार, अ‍ॅम्स्टरडॅम

अपील न्यायालयाचा उद्योगविषयक कक्ष शहरातल्या 'आय' नावाच्या पाण्याकाठी आहे. कौन्सिलांचे वाद, अगदी डच कायद्याखालच्या ईडब्ल्यूसीचेही, इथेच येतात. सुनावणीला बसणं शक्य असेल तर बसावं. न्यायाधीश पहिला प्रश्न बहुतेक वेळा तारखेचा विचारतात: पूर्ण माहिती कोणत्या दिवशी मिळाली, आणि त्याचा कागद कुठे आहे? म्हणून छोट्या समितीने एक साधी नोंदवही ठेवायची. कोणता कागद, कोणाकडून, किती पानं, कोणत्या भाषेत, कोणत्या तारखेला. बैठकीचं इतिवृत्त दोन्ही बाजूंच्या सहीने दोन आठवड्यांत, आणि मतभेद असेल तर दोन्ही वाक्यं त्यात.

शेवटच्या सत्रात सहीनंतरची कामं. करार सगळ्या भाषांत छापून प्रत्येक कारखान्याच्या सूचनाफलकावर लावायचा, कारण हक्क माहीत नसलेला कामगार प्रतिनिधीला माहिती देत नाही. प्रत्येक प्रतिनिधीला पर्यायी सदस्य नेमायचा, तोही सुरुवातीपासून प्रशिक्षित. विलीनीकरण किंवा विक्री झाली, तर तेरावं कलम नव्या वाटाघाटी मंडळात जुन्या कौन्सिलमधून प्रत्येकी किमान तीन सदस्य घ्यायला सांगतं, आणि नवा करार होईपर्यंत जुनी कौन्सिल काम करत राहते. त्या तीन नावांची यादी आधीच ठरवून ठेवावी.

जे अजून मागणीच्या टप्प्यावर आहेत, त्यांच्यासाठी एकच काम उरतं. दोन देशांतल्या मिळून शंभराहून जास्त सह्या, म्हणजे दहा-पंधरा बाद झाल्या तरी पुरतील. प्रत्येक सहीपुढे नाव, कारखाना, देश. सोबत आकड्यांची मागणी. पोच मिळणारं टपाल, केंद्रीय व्यवस्थापनाच्या आणि ज्या देशात सर्वात जास्त कामगार तिथल्या व्यवस्थापनाच्याही पत्त्यावर. पोचपावती आली की दोन तारखा लिहून ठेवायच्या: सहा महिन्यांनंतरची आणि तीन वर्षांनंतरची.